साहेबांचा दात

ती. आईला, लांबूनच पाया पडते.

मी धडधाकट आहे. पेपरात आमच्या आमदारसाहेबांच्या ऑफिसचा फोटो दिसला तर घाबरू नकोस, ते रक्त माझं नाही.

साहेबांनी कुठल्या कायद्यावर काय मत दिलं, त्याचं पत्रक मी टाइप करत होते. बायकोला मारणाऱ्याला अटक करायच्या कायद्याला ‘विरोध’. कारण, ‘घरातलं घरातच मिटवावं.’ तेवढ्यात हात मोडलेली एक बाई मदत मागायला आली आणि तिच्यामागून तिचा नवरा. त्याने माझीच खुर्ची उचलून तिच्या डोक्यात घातली. साहेब मनाने वाईट नाहीत गं, लगेच मधे पडले. असा ठोसा बसला की त्यांचा पुढचा दात माझ्या पत्रकावर येऊन पडला. पोलीस आले, तर साहेब रक्त थुंकत सवयीने म्हणाले, "काही नाही, घरातलं भांडण आहे."

बाई अजून शुद्धीवर नाही.

ताईच्या डोळ्याची सूज उतरली का? तिचा डोळा बघून तूही साहेबांसारखं हेच म्हणाली होतीस, आई. तिला उद्याच्या गाडीत बसवून दे. जावयाने विचारलं तर सांग, घरातलं घरातच आहे, बहिणीकडे गेलीय.

तुझी,
सध्या स्टुलावर बसणारी धाकटी