गाडीच्या पेटीचं बटण

४ सप्टेंबर

भोक पाडलं. गाडीच्या पत्र्याला, मागच्या चाकाच्या वर, चांगलं मुठीएवढं! हे खिडकीजवळच्या खाटेवरून बघत होते. चार वर्षं खपून ह्यांनी ही जुनी माल वाहायची गाडी राहण्याजोगी केली. पलंग, कपाटं, शेगडी, सगळं स्वतःच्या हातानं. वीज तेवढी राहिली, आणि नेमकी छाती गेली. आता ह्यांना श्वासाचं मशीन लागतं आणि मशीनला वीज. म्हणून ड्रिल माझ्या हातात.

म्हणाले, "वाकडं झालंय."

म्हटलं, "तुमच्या नाकासारखं झालंय. पडून राहा गप."

वही ह्यांचीच. पुढून ह्यांचे गाडीचे नकाशे, मागून मी. कुणी वाचायचं नाही.

६ सप्टेंबर

वन्संचा फोन. ह्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, त्यांनीच ह्यांना वाढवलं. आता त्याही अंथरुणाला खिळल्यात, तिकडे दोन दिवसांच्या वाटेवर. "त्याला घेऊन ये गं. मला काही येणं होत नाही." मी म्हटलं, "आणते, पण तुम्ही थांबा जरा." काय बोलून गेले! मग त्याच हसल्या, "थांबते की. तू हात चालव."

मधल्या मुक्कामाला अशा गाड्यांचा तळ आहे. प्रत्येक गाडीशेजारी विजेचा खांब. खांबाची वायर गाडीला जोडायची की आत घरासारखी वीज. दिवसा वाटेत हे ऑक्सिजनच्या छोट्या सिलिंडरवर भागवतील. झोपेत मात्र मशीनच लागतं. नसलं तर – नको, लिहीत नाही.

९ सप्टेंबर

विजेची पेटी बसवली. नकाशातली इंग्रजी अक्षरं मला लागत नाहीत, चौथीतच शाळा सुटली. म्हणून ह्यांनी रंगीत पेन्सिलींनी वायरी काढून दिल्या. तपकिरी, निळी, हिरवी-पिवळी. हिरवी-पिवळी गाडीच्या पत्र्यालाही आवळायची.

"ही कशाला? वीज तर त्या दोघींतूनच जाते!"

"ही सुनेसारखी," हे म्हणाले. "काही बिघडेपर्यंत कुणी विचारत नाही."

हसलो दोघं. हसताना ह्यांना ढास लागली, थांबेचना. मग मीच ओरडले, हसता कशाला म्हणून. कसली बाई आहे मी.

११ सप्टेंबर

पाना हरवला. दिवस फुकट. सापडला तो माझ्याच ओट्यावर, पिठाच्या डब्यामागे.

१२ सप्टेंबर

ह्यांचं पुन्हा तेच! मशीनला हात लागला की बोटांना मुंग्या येतात म्हणे. सहा महिने एकच तुणतुणं. म्हटलं, "मी रोज पुसते ते, मला नाही येत! चोरून साखर खाता, म्हणून येतात मुंग्या." तोंड वळवलं भिंतीकडे.

मला कुठे वेळ आहे ऐकायला. दिवसभर घरात रबरी चपला घालून फटक फटक करत फिरते, टाचांचं दुखणं माझं मी कुणाला सांगू?

१५ सप्टेंबर

आमच्या घराच्या भिंतीत दोन पिनांचीच भोकं, जुनं काम. गाडीला तीन पिना लागतात. म्हणून शेजारच्या वायरमनच्या अंगणातून लांब वायर ओढली. त्यानं सगळे जोड तपासले. "वहिनी, माझ्या हाताखालच्या माणसांनाही इतकं नेटकं जमत नाही!" बाई मी, हुरळले.

दिवा लागला. पंखा फिरला. किटलीत पाणी उकळलं. इस्त्रीसुद्धा तापली!

मग ह्यांना खाटेवर उशांना टेकवून बसवलं आणि पळत मशीन गाडीत आणलं. लावलं.

टक्.

पेटीतलं बटण खाली. अंधार. वर केलं – टक्. पुन्हा – टक्. मशीन उचलून पळत घरात, कारण ह्यांचे ओठ काळे पडायला लागले होते.

१६ सप्टेंबर

टक्.

१७ सप्टेंबर

सगळ्या वायरी काढल्या, सगळ्या पुन्हा जोडल्या. नखं तुटली. किटलीला चालतं, इस्त्रीला चालतं, माझ्या माणसालाच चालत नाही!

वायरमन म्हणाला, "वीज कुठेतरी गळतेय, वहिनी. गळली की ते बटण पडतं, त्याचं कामच ते. मशीन आणा, मीटर लावून बघतो."

"मशीनला हात लावायचा नाही. दवाखान्याचं आहे, उघडलं तर परत मागतील. आणि घरी सहा महिने चालतंय ना अखंड? मग मशीनला काय धाड भरलीय! तुझी पेटीच नाटकी."

"घरी असं बटणच नाही तुमच्या. पडणार काय?"

शब्दाला शब्द. हाकललं त्याला.

१८ सप्टेंबर

वन्संचा फोन नाही.

१९ सप्टेंबर

भाचीचा आला. वन्संना आता बोलता येत नाही. डोळे उघडे असतात, दाराकडे. ह्यांनी फोन कानाला धरून ठेवला, पलीकडे नुसता श्वास. अलीकडेही तोच. दोघं किती वेळ एकमेकांचा श्वास ऐकत बसले. मी गाडीत जाऊन पलंगावर आडवी झाले. ह्यांनी रंधा मारलेली फळी, अजून वास येतो लाकडाचा. चार वर्षं! आणि त्या पलंगावर हे एकदाही झोपलेले नाहीत.

माझ्याच्यानं नाही होत आता.

२१ सप्टेंबर

नाक मुठीत धरून वायरमनकडे गेले. "ते बटण काढून टाक. सरळ जोडून दे."

"नाही."

"पाया पडते."

"वहिनी, ते काढलंत तर उद्या गळणारी वीज सगळ्या पत्र्यात उतरेल. दार उघडणारा चिकटेल दाराला. मग मला बोलवू नका, बोलवायला कुणी राहिलंच तर."

माझ्या तोंडावर दार लावून घेतलं.

लावू दे. एवढे दिवस बघतेय, पेटीत काय कुठून येतं ते आता मला तोंडपाठ आहे. उद्या सकाळी मीच ते बटण काढते. एका मुक्कामाचा तर प्रश्न! ह्यांना सांगितलेलं नाही. दुपारी निघायचं. कपडे, औषधं, माझ्या रबरी चपला, सगळं आत्ताच गाडीत नेऊन ठेवलं.

२२ सप्टेंबर

पक्कड कमरेला खोचून निघालेच होते. म्हटलं, आधी घर पुसून घ्यावं. फरशी ओली, मी अनवाणी. खाटेखालचा केर काढायला मशीन सारलं, मागची लोखंडी दांडी धरून. खांद्यापर्यंत झटका. भिंतीवर आदळले, पक्कड कुठल्या कुठे.

हे उठून बसले. माझ्या हाताकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "आल्या का मुंग्या?"