कपाटाचे सोळा खण

सावेडी, नगर
४ ऑक्टोबर १९७३

प्रिय नृसिंह,

तुझे पत्र मिळाले. चार ओळींत दोन खाडाखोडी, आणि तारीख नाही; कारखान्यात नकाशेही असेच काढत असशील तर तुझ्या वरिष्ठांची मला कीव येते. माझ्या तक्रारीमुळे तुझ्या यंत्राचे काम थांबले आहे आणि सोमवारच्या बैठकीत तुला आरेखनातून काढून दुरुस्ती खात्यात धाडणार आहेत, हे तू कळवलेस. वर ‘दादा, खरे काय घडले एवढेच लिहा’ असे मला सुनावलेस. धाकट्या भावाने मला सत्याची आठवण करून द्यावी, हा प्रसंग आयुष्यात प्रथमच आला.

माझ्या सुतारकामाच्या खोलीसाठी मी तुझ्याकडे यंत्र मागितले नव्हते. घरामागच्या त्या पत्र्याच्या खोलीत चैत्रात रंधा हातात धरवत नसे आणि पौषात सरस लाकडाला लावेपर्यंत थिजत असे, हे खरे. पण निवृत्तीनंतरचा तो छंद मी तक्रार न करता करीत होतो. तू आलास, भिंतीला भोक पाडलेस, आणि मोट पाणी उपसते तसे हे यंत्र उष्णता उपसते, उन्हाळ्यात आतली बाहेर, हिवाळ्यात बाहेरची आत, असे मला समजावलेस. उष्णतेचे नियम ज्याच्याजवळ शिकलास त्यालाच मोटेचा दृष्टान्त देण्याचे धाडस तुझेच. यंत्र उत्तम चालले. ते मी तुला मुद्दामच कळवले नाही.

माझ्या जुन्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी सूचिपत्रांचे कपाट मी आषाढात त्याच खोलीत, दारे लावून, यंत्र चालू ठेवून जुळवले. सोळा खण, मुरलेले सागवान, फटीत पोस्टकार्ड शिरणार नाही असे माप. आसाराम मिस्त्री उंबऱ्यातून म्हणाला होता, ‘सर, इथं मापू नका. कपाट जितं ऱ्हायचं तितं मापा. उपाशीपोटी सदऱ्याचं माप दिल्यागत हुईल, जेवल्यावर बटन लागायचं न्हाई.’ मी त्याला पटाशीला धार लावायला पिटाळले. गणेशोत्सवात ते ग्रंथालयात नेले; तिथल्या समारंभात पाहुण्यांनी पहिला खण ओढला, निघाला नाही. दुसराही नाही. पाचव्याची मूठ त्यांच्या हातात आली. माझे जुने विद्यार्थी, आता स्वतः प्राध्यापक, छताकडे पाहू लागले. त्याच संध्याकाळी मी तुझ्या कारखान्याला लिहिले, की यंत्राने लाकूड बिघडवले.

पितृपंधरवड्यात कपाट परत आणून खोलीत ठेवले आणि यंत्र सुरू केले. नवव्या दिवशी सगळे खण एका बोटाने सरकू लागले. बाहेर, यंत्राच्या नळीखालची भरलेली बादली आसाराम जास्वंदीला ओतत होता. आषाढातही तो ती रोज ओतत असे आणि मी रोज पाहत असे. ते पाणी खोलीतल्या हवेतले होते, थोडे सागवानातलेही. यंत्राने आपले काम चोख केले: खोली थंड करता करता कोरडीही केली. मी कोरडे लाकूड मापले आणि ते पावसाळी हवेत नेऊन ठेवले, ते फुगणारच. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला एवढ्यावरून मी नापास केले असते. आसारामने खण काढले, ग्रंथालयात नेण्यासाठी रंधा पिशवीत टाकला आणि एवढेच विचारले, ‘आता जेवून मापायचं ना, सर?’

हे पत्र तुझ्या समाधानासाठी लिहिलेले नाही. सोमवारी बैठकीत माझे दुसरे पत्र वाचले जाईल. ते आज सकाळी रजिस्टर टपालाने रवाना केले. ते चारचौघांत प्रथमच ऐकताना तुझा चेहरा कसा होईल हे मला ठाऊक आहे, लहानपणापासून पाहिला आहे. तो तिथे कुणी पाहू नये, म्हणून आधी कळवतो. आभाराचे पत्र पाठवू नकोस. यंत्राचा आवाज असह्य आहे, तो कमी कर. पहिल्या तक्रारीत तुझ्या नावामागे मी ‘निष्काळजी’ असे विशेषण लावले होते. दुसऱ्या पत्रात ते विशेषण तसेच ठेवले आहे. नाव तेवढे माझे घातले आहे.

तुझाच,
राधाकृष्ण