दुप्पट वेगाची आई

प्रिय बंधुराज,

‘प्रिय’ हा शब्द निव्वळ सवयीने पडलाय, त्याचा फार अर्थ लावू नकोस. गेला आठवडाभर मी तुझ्यावर इतकी चिडलेय की दोनदा फोन उचलला आणि दोनदा आपटून ठेवला. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. मी श्वास घ्यायला थांबले की तू ‘बरं बरं, कळलं’ म्हणून मोकळा! कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून पत्र. आणि हे चहा पिता पिता, एक डोळा मोबाइलवर ठेवून वाचू नकोस. खुर्ची ओढ, बस, आणि शेवटपर्यंत वाच.

तुझी ती फिल्म पाहिली. मी दर रविवारी आईचे जे व्हिडिओ पाठवते ते तू एकापुढे एक जोडलेस, वर सनईसारखं काहीतरी वाजवलंस, आणि झाडून सगळ्या नातेवाइकांना पाठवून दिलंस. खाली काय लिहिलंस? ‘आमची आई पुन्हा धावायला लागली!’ वा रे वा! मावशीचा मला लगेच फोन. म्हणाली, अगं, ती तर ठणठणीत आहे की, मग तू सारखी दमले दमले काय करत असतेस? सात महिने आईचं उठणं-बसणं, न्हाणं-धुणं मी करतेय, आणि खोटारडी ठरले तीही मीच. वर तुझा तो निरोप. ‘ताई, तुला राईचा पर्वत करायची सवयच आहे. आई मस्त चालतेय. पुढच्या महिन्यातलं येणं पुढे ढकलतो, पुढच्या वर्षी निवांत येईन.’ उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. राई कोणती आणि पर्वत कोणता हे तुला तिथे बसून कळतं होय?

आता ऐक, तुझी आई का धावायला लागली ते. तुझी फिल्म मी ऑफिसात आमच्या संगणकवाल्याच्या टेबलावर पाहिली. पहिल्यांदा मलाही काही कळेना. आई वॉकर धरून अशी टुकटुक चालली होती की माझ्याच पोटात आनंद उसळला. मग मला तिच्यामागचं भिंतीवरचं घड्याळ दिसलं. तेच, जेवायच्या टेबलाच्या वर टांगलेलं, लाल सेकंदकाट्याचं. तो काटा पिसाळल्यासारखा पळत होता. माझी नोकरी तुला ठाऊक आहे. बावीस वर्षं मी शर्टांच्या कारखान्यात हातात स्टॉपवॉच घेऊन बायकांच्या मशीनमागे उभी राहते, कॉलर बसवायला किती सेकंद आणि बाही जोडायला किती, ते टिपून घेते. पर्समधलं स्टॉपवॉच काढलं आणि दाबलं. तुझ्या फिल्ममधलं एक मिनिट बरोबर तीस सेकंदांत संपलं. पुन्हा मोजलं, तीस. आमच्या कामात एका मोजणीवर विश्वास ठेवत नाहीत, म्हणून दहा वेळा मोजलं. दहाही वेळा तीस. अरे शहाण्या, तुझी आई दुप्पट वेगाने चालत नाहीये, तुझा संगणक चालतोय!

संगणकवाल्याने मला नीट समजावून सांगितलं. व्हिडिओ म्हणजे शेवटी एकामागून एक काढलेले फोटो. आपला कॅमेरा सेकंदाला पंधरा फोटो काढतो. किती काढले तो आकडा फायलीतच लिहिलेला असतो. पण काही प्लेअर तो आकडा वाचतच नाहीत, सरळ सेकंदाला तीसच्या हिशेबाने दाखवून मोकळे होतात. बाकी चित्र अगदी स्वच्छ, काही खोट दिसत नाही. त्याने माझी मूळ फाईल त्याच्या दोन प्लेअरमध्ये लावून दाखवली. एकात आई आईसारखी चालली, दुसऱ्यात तुझ्या आईसारखी. तेव्हा तू आधी माझी मूळ फाईल लाव आणि तुझ्या प्लेअरचा वेग एकपट आहे ना ते बघ. असेल तर दुसरा प्लेअर घालून बघ. तरी पळालीच तर तो म्हणतो, फाईल नव्याने बदलून घ्यावी लागेल, ती मी त्याच्याकडून करून पाठवीन. आणि काहीही केलंस तरी त्या लाल काट्याकडे बघ, तुझ्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघ. हातच्या काकणाला आरसा कशाला?

तू म्हणशील, आवाज नाही, मग मला कसं कळणार. बरोबर आहे, आवाज असता तर आई चिमणीसारखी चिवचिवली असती आणि तुझ्यासारख्या बेफिकीर माणसालाही शंका आली असती. पण कॅमेऱ्याला आवाज का नाही, बंधुराज? कारण हा तुझाच जुना कॅमेरा, तो तू नदीत पाडलास, त्याचा माईक कायमचा गेला, आणि नवा घेतल्यावर हा ‘ताई, तुला होईल’ म्हणून माझ्या गळ्यात मारलास.

माझीही चूक आहे, ती लपवत नाही. कार्ड लहान, व्हिडिओ मावेनात, म्हणून पंधराचं बटण मीच लावलं होतं. आणि पाठवण्याआधी मी ते फक्त कॅमेऱ्याच्या मागच्या टिचभर पडद्यावर बघायचे, तिथे सगळं बरोबर दिसायचं. पण खरी चूक दुसरीच. जन्मभर मी सेकंद लिहिण्याचे पैसे घेतले. आईचं प्रत्येक चालणं मी स्टॉपवॉचवर मोजलंय, स्वयंपाकघरातल्या वहीत तारखेसकट लिहिलंय. आणि तुला मात्र आकडा एकदाही कळवला नाही. म्हटलं, आईचं चालणं काय आकड्यात सांगायचं, डोळ्यांनीच बघू दे. कारखान्यात एखाद्या पोरीने अशी चूक केली असती तर मी तिला फाडून खाल्लं असतं.

पण चित्र जाऊ दे. तुझे डोळे कुठे होते? तू नुसतं बघितलं नाहीस, तू कात्री लावलीस! आई पलंगावरून उठते तो भाग कापलास. शेवटी घराच्या पुढच्या दाराशी जाऊन कडीशी खटपट करते तो भागही कापलास. का, तर ‘कंटाळवाणा’. डावा हात वर जातो, कडीवरून घसरतो, पुन्हा वर जातो. सात महिन्यांपूर्वी लकव्याने उजवी बाजू गेली तेव्हा सवय नसलेल्या त्या डाव्या हाताने तिला चमचासुद्धा नीट धरता येत नव्हता, हे तू विसरलास? हॉस्पिटलात आठ दिवस होतास ना? आणि वर मलाच विचारलंस, की दर वेळी पलंग ते दार, पलंग ते दार, हे काय एकच एक? तिला जरा गॅलरीत ने, खाली बागेत ने, म्हणजे व्हिडिओत बघायला काहीतरी असेल. तुझ्या करमणुकीसाठी चालत नाही रे ती! मी काय कमी विचारलं तिला? व्यायाम शिकवायला येणारी बाईसुद्धा म्हणाली, खिडकीकडे चला, ऊन आहे. आई मान हलवते, वॉकर दाराकडे वळवते आणि चालू पडते. हट्टी तर ती आहेच. तू कुणावर गेलास?

घाई मात्र तुझी स्वतःची, ती कुणाकडून आलेली नाही. शाळेतून आलास की बेलवर बोट ठेवायचास ते दार उघडेपर्यंत काढायचा नाहीस. शेजारचे काका ओरडायचे, खालची कुत्री भुंकायची, पण साहेबांचं बोट तिथेच. आणि चुकून मी दार उघडलं तर? ‘तू नको, आई!’ म्हणून दार ओढून घ्यायचास आणि पुन्हा बेल. मला मेलीला वाटायचं, द्यावी एक ठेवून. आई कणकेच्या हाताने धावत यायची, आणि मग कुठे स्वारी दप्तर टाकून आत. आईला त्याचं कोण कौतुक! मी तक्रार केली की म्हणायची, अगं, त्याला मीच लागते, त्याला काय करणार.

आता पुढचं वाच आणि थोडी लाज वाटू दे. मागच्या आठवड्यात तू आईला फोनवर म्हणालास, ‘आई, तू तर पळायला लागलीस! आता माझी काही घाई नाही, पुढच्या वर्षी येतो.’ फोन मीच तिच्या कानाला धरला होता. पहिल्या वाक्याला ती अर्ध्या तोंडाने हसली, दुसऱ्याला तिचा चेहरा हलला नाही. मग तिला तुझी फिल्म बघायची होती. ‘दाव, दाव’ लावलं. आता तिच्याकडे शब्दच आठ-दहा उरलेत. हो, नको, पाणी, बाळ्या म्हणजे तू, आणि घड्याळ म्हणजे मी. ऑफिसातून लॅपटॉप मागून आणला आणि दाखवली. मला तेव्हाच सांगायला हवं होतं, की आई, हे खोटं आहे, हा वेग तुझा नाही. जीभ रेटली नाही. तिने ती सलग सहा वेळा बघितली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध तापवत होते, मागे वळून बघते तर बाईसाहेब वॉकर बाजूला सारून उभ्या! तिला वाटलं, आपण खरंच तशा चालतो. दीड पाऊल टाकलं आणि माझ्या अंगावर कोसळली. दूध उतू गेलं, माझं कोपर फुटलं, पण तिला खरचटलं नाही. मला तुझा इतका राग आला होता की तिला पलंगावर बसवताना मी तुझ्या नावाने जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि ती माझ्यावरच डोळे वटारत होती. तुझ्याविरुद्ध अजूनही ऐकून घेत नाही!

मग तिला सगळं खरं सांगितलं. पंधरा आणि तीस, प्लेअर, लाल काटा, सगळं. तिला किती कळलं देव जाणे. तिने भिंतीकडे तोंड केलं आणि तीन दिवस पलंगावरून उठली नाही. मला वाटलं, रुसली. डॉक्टरांना बोलावलं. ते बाहेर येऊन हळूच म्हणाले, जेवढी सुधारणा व्हायची तेवढी होऊन गेली, आता असलेलं टिकवायचं, आणि चालणं थांबलं तर तेही जाईल. मी त्यांना माझी वही काढून दाखवली. मागच्या महिन्यात उठायला चाळीस सेकंद, चालायला दीड मिनिट, कडी काढायला एक मिनिट. एकूण तीन मिनिटं दहा. आता उठायला पन्नास, चालायला एक मिनिट पन्नास, कडीला एक मिनिट दहा. तीन मिनिटं पन्नास. एका महिन्यात चाळीस सेकंद वाढले.

काल चौथ्या दिवशी मी तिच्याशी भांडले. हो, आजारी आईशी भांडले, मारून टाक मला. म्हटलं, आई, उठ, नाही तर कायमची पलंगाला खिळशील. आणि नसेल दाराकडे जायचं तर खिडकीकडे चल, पण चल! काय आहे एवढं त्या दारात? तिने माझं मनगट धरलं. ओठ जुळवायला तिला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही, आयुष्यात पहिल्यांदा मोजलं नाही. म्हणाली, ‘बाळ्या... बेल. मी.’ आणि डावा हात वर करून हवेतच कडी काढून दाखवली. सात महिने, बाळ्या. सात महिने ती तुझ्यासाठी दार उघडायचा सराव करतेय, आणि तू तेवढंच कापून टाकलंस. माझं ओरडणं सोड, प्लेअर दुरुस्त कर नाही तर खड्ड्यात घाल, पण तुझी पुढच्या महिन्यातली सुट्टी पुन्हा मागून घे. येण्याची तारीख मला नको, तिला फोन करून सांग. आज सकाळी ती उठून वॉकर धरून उभी राहिली ते मी तिला ‘बाळ्या येतोय’ असं सांगितलं म्हणून. तुला न विचारता सांगितलं, आणि ते खोटं ठरवायची हिंमत करू नकोस. आलास की बेल एकदाच वाजव आणि बोट काढ. मग उभा राहा. वहीत तीन मिनिटं पन्नास आहेत, आमच्या कारखान्याच्या नियमाने दम खायचा वेळ धरून मी तुला पाच सांगते. आतून वॉकरचा आवाज येईल, मध्येच थांबेल, पुन्हा येईल. मग कडी वाजेल, बराच वेळ वाजेल. हाक मारू नकोस, दार ढकलू नकोस, पुन्हा बेल वाजवू नकोस. मी आतच असेन, दोन पावलांवर. पण काही झालं तरी दार मी उघडणार नाही.

तुझीच,
ताई