हेन्ड्रिकाच्या चादरी

मंगळवार, १० मार्च १९५९

प्रिय नेलाताई,

तुझा खोकला थांबला का? इथे सगळे बरे आहेत, बाबांचा गुडघा सोडून.

मागच्या पत्रातलं एक वाक्य आधी खोडून टाक. शेजारच्या हेन्ड्रिकाने रविवारी वाळत घातलेल्या चादरी मी ‘चर्चमधून परतताना’ पाहिल्या, असं लिहिलं होतं. परतताना नाही. उपासना चालू असताना, आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिल्या. डोकं दुखतंय सांगून मी घरी राहिले होते. डोकं दुखत नव्हतं. एक तास कोणी नको होतं, एवढंच.

मग मी चादरींचं बाबांना सांगितलं: प्रभूच्या दिवशी, कामाला बंदी असताना, धुणं! आता चर्चमध्ये एका मेजाशी भाकर-द्राक्षारस घ्यायच्या प्रभुभोजनाआधीचा आठवडा आलाय. कोणाविरुद्ध तक्रार असेल तर शुक्रवारी चर्चच्या पंचांसमोर बोलायचं. माझी तक्रार टिकली, तर हेन्ड्रिकाला त्या मेजावर जागा नाही. नवरा बुडाल्यापासून बिचारीला गावात तेवढी एकच जागा उरलीय.

काल ती कुंपणापाशी भेटली. म्हणाली, “धुतल्या मी चादरी. पोर तापात ओकलं, त्यातच निजवू? पण क्रिना, सगळं गाव चर्चमध्ये होतं. तू कुठे होतीस गं?”

रात्री जेवताना बाबांना सगळं खरं सांगितलं.

“तुझं वेगळं,” बाबा म्हणाले. “पंचांना तुझ्या डोक्याशी काय करायचंय? चादरींचं तेवढं सांग.”

ताई, शाळेत जायच्या आधी घरच्या याच जेवणाच्या मेजाशी बाबांनी आपल्याला शिकवलं ना? रोज रात्री एकच प्रश्न: आज तुझं काय चुकलं? भावाचं सांगायला तोंड उघडलं की म्हणायचे, “त्याला जीभ आहे.”

मी तेच त्यांना ऐकवलं. तिच्या ओल्या चादरींना माफी नाही, आणि माझ्या न दुखणाऱ्या डोक्याला आहे? बाबांनी चमचा खाली ठेवला. आई म्हणाली, “क्रिना, बटाटे घे.” मी घेतले नाहीत.

भीती वाटते. पण माझ्यावरची तक्रार मीच नेणार, आणि हेन्ड्रिकावरची मागे घेणार. बाबा त्या पंचांतच बसलेले असतील. असू देत. तिला जागा नसेल, तर मीही प्रभूच्या मेजाशी बसणार नाही.

तुला त्या मेजावरून उठवलं, तेव्हा कोणी काही बोललं नव्हतं. मीही नाही.

या वेळी बोलणार आहे,
तुझी क्रिना

शुक्रवारी, १३ मार्चला.