शेवगा, शाडू आणि कललेली भिंत

ती. सुधाताईस,

मयुरेशचा साष्टांग नमस्कार. भावजींचा गुडघा आणि कळवणचा पाऊस, दोघेही ताळ्यावर असतील अशी आशा. (फोनवर तू हसली असतीस, म्हणून पत्र. पत्र वाचताना हसलीस तर मला ऐकू येणार नाही.)

आमच्या बागेची भिंत तुला माहीत आहे. वर आमची माती, खाली गोजराबाईंचं अंगण आणि मध्ये ती. गेल्या पावसाळ्यात ती खालच्या बाजूला अशी कलली, की गोजराबाईंनी वाळवणाची खाट तिथून उचलली. ती का कलली याचा शोध मी खुर्चीत बसल्याबसल्या लावला: त्यांच्या शेवग्याची मुळं! (तोच शेवगा, ज्याच्या शेंगांची आमटी तू मागून मागून घेतलीस.) हे मी इतक्या वेळा आणि इतक्या अभ्यासू चेहऱ्यानं ऐकवलं, की बाईंनी वाद न घालता झाडच तोडून टाकलं. म्हणाल्या, "झाडाचं काय भाऊ, परत लावता येतं. भिंत कोणाच्या अंगावर पडली म्हंजे?"

भिंत कलतच राहिली. शेवटी गवंडी बोलावून मागची माती उपसली. पाणी निघून जायला भिंतीत भोकं ठेवलेली असतात, ती सगळी चिकट पांढरट मातीनं गच्च बुजलेली. ती माती मी लगेच ओळखली. शाडू! दरवर्षी अख्ख्या कॉलनीचे गणपती मी आमच्या टबात विसर्जन करायला लावतो आणि तो गाळ भक्तिभावानं त्याच भिंतीमागे ओततो. (पर्यावरणप्रेमी म्हणून कॉलनीनं मला शालही पांघरली आहे.) एका भोकात मुकुटाचा गुलाबी खडा सापडला, तुझ्या भाचीनं, तेजश्रीनं, आमच्याच मूर्तीला चिकटवलेला. गवंड्यानं त्याला नमस्कार केला. मला मात्र खालच्या अंगणातला शेवग्याचा बुंधा दिसत होता. ताई, मला फार लाज वाटली.

आता मागे खडी भरली, पाईप टाकले, भिंत नव्यानं सरळ उभी राहिली. गवंड्यांना रोज चहा गोजराबाईंकडूनच आला, आणि त्यात एक कप माझाही असे. मी तो प्यायलो. खरं कारण मात्र त्यांच्यापुढे अजून तोंडातून निघत नाही.

तुझा धाकटा,
मयुरेश

ता. क. तुमच्या बांधावरच्या शेवग्याची एक जाडशी फांदी हवी आहे. लावायला.

ता. क. ती तूच येऊन त्यांना दे. माझं नाव घेतलं नाहीस तरी चालेल.

ता. क. आत्ताच गोजराबाई फाटकापाशी येऊन गेल्या. म्हणाल्या, "नव्या भिंतीमागं कशाला परत चिखल करता भाऊ? यंदा समद्यांचे गणपती आमच्या अंगणात आणा. शेवग्याची जागा मोकळीच हे." ताई, फांदी लवकर आण. आणि नाव माझंच घे.