जांभळी जीभ

५ जून १९५७, बुधवार. सकाळी ७.
फ्लू पेपराच्या पहिल्या पानावर आला. गिरण्यांत म्हणे निम्मी हजेरी. सोमवारी शाळा उघडतात.

मी घाबरलेलो नाही. पाच शाळांचा निरीक्षकच घाबरला तर शिक्षकांनी काय करायचं? दादर, परळ, लालबाग, काळाचौकी, गिरगाव. एकोणसाठ शिक्षक, दोन हजारांवर मुलं. सगळं सूचनावहीवर चालतं. मी परिपत्रक लिहितो. धर्मा शिपाई वही याच क्रमाने पाचही शाळांत फिरवतो. प्रत्येक शिक्षक वाचून सही करतो. सही वहीला दोऱ्याने बांधलेल्या कॉपिंग पेन्सिलीनेच. टोक ओलं केलं की अक्षर जांभळं उमटतं आणि मग रबराने जात नाही. ‘मला कळलंच नाही’ म्हणायची सोय उरत नाही. टोक ओलं करायला प्रत्येक शाळेला स्पंजाची वाटी दिलेली आहे, १९४९ साली.

ही पद्धत माझी. मी स्वतः फाउंटनपेन वापरतो.

संकल्प : साथ संपेपर्यंत एक दिवस रजा नाही. रोज प्रत्येक शाळेला भेट.

१० जून, सोमवार. रात्री ८.
शाळा उघडल्या. दादरला भेट दिली. एक शिक्षिका माझ्यासमोर शिंकल्या. बाकीच्या चार भेटी पुढे ढकलल्या.

परिपत्रक १ : प्रत्येकाने तोंडाला रुमाल बांधावा. परिपत्रक २ : एका बाकावर एकच मूल. परिपत्रक ३ : प्रार्थना मनातल्या मनात म्हणावी, घोषणाही.

तिसऱ्यावरून परळला गडबड झाली. मुलं शाळा सुटताना ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ म्हणतात, ते मी बंद केलं असा समज झाला. समितीचे दोघे दादरच्या कचेरीत विचारायला आले. मनातल्या मनात कसं झालंच पाहिजे, असं त्यातला एक म्हणाला. मी सांगितलं, माझा विरोध समितीला नाही, तोंड उघडण्याला आहे. दुसरा म्हणाला, तेच तर सगळे सांगतायत आम्हाला.

दोघांपैकी एक खोकत होता. परत आल्यावर फिनेलने हात धुतले. सुमती म्हणाली, अहो, ते फरशीचं आहे.

१२ जून, बुधवार.
प्रशासनाच्या सोयीसाठी कचेरी घरी हलवली. गिरगावातून पाचही शाळांवर लक्ष ठेवणं सोपं पडतं.

बेबीला शाळेत पाठवणार नाही. नऊ वर्षांची आहे, छाती नाजूक. गेल्या डिसेंबरात पंधरा दिवस झोपून होती. सुमती म्हणाली, दोन हजार मुलांना शाळेत बोलवायचं आणि आपलीला घरी ठेवायचं, हे बरं दिसतं का? मी म्हटलं, बेबी घरी अभ्यास करेल. मला मदतही होईल. ती परिपत्रकं खळीने वहीत चिकटवते, सह्यांसाठी रेघा आखते. अगदी सरळ. कचेरीतल्या कारकुनांना जमत नाही.

१९१८ची साथ मी पाहिलेली आहे. मानमोडी म्हणत. तेव्हा आठ वर्षांचा होतो. अण्णा दहाचा. त्याबद्दल इथे लिहायचं नाही.

१५ जून, शनिवार.
दादरचे सात शिक्षक आजारी. ज्या शिंकल्या होत्या, त्या धरून.

मी कचेरी वेळेवर हलवली. दूरदृष्टी.

परिपत्रक ४ ते ७ एकदम काढली. धर्मा म्हणाला, सायेब, दिवसाला चार वेळा सह्या म्हंजे मास्तरलोक शिकवणार कधी? त्याला सांगितलं, आधी जगू दे, मग शिकवतील. वाक्य चांगलं झालं. परिपत्रक ८ मध्ये घातलं.

१८ जून, मंगळवार.
परळ पडलं. नऊ शिक्षक. साथ दादरहून दक्षिणेकडे सरकते आहे. भिंतीवर नकाशा लावला. वाऱ्याची दिशा पाहण्यासाठी गॅलरीत सुमतीचा रुमाल बांधला.

या हिशेबाने पुढचा नंबर लालबागचा.

वही परत आली. लालबागच्या एकाही शिक्षकाची सही नाही. एक ते आठ, आठही परिपत्रकांवर बारा कोऱ्या रेघा. मुख्याध्यापिका कौसल्याबाईंना मेमो काढला : खुलासा करावा. या बाई भर मीटिंगमध्ये विचारतात, साहेब, याने काय होणार?

२० जून, गुरुवार.
लालबाग पडलं नाही. काळाचौकी पडली. आठ शिक्षक.

लालबाग वाचलं कसं? विचार केला. गिरण्यांची धुराडी. धुराने जंतू मरत असणार. परिपत्रक ९ : प्रत्येक वर्गात शेगडी पेटवून धुराची सोय करावी. लालबागला गरज नाही.

२१ जून, शुक्रवार.
मुलं खोकू लागली. खोकणाऱ्यांना नियमाप्रमाणे घरी पाठवलं. काळाचौकीला चौथीत एकच मुलगा उरला. धर्माला विचारलं, तो कसा उरला? म्हणाला, खिडकीतून बाहेर लटकला होता.

परिपत्रक १० : शेगड्या विझवाव्यात.

२२ जून, शनिवार. दुपारी.
महत्त्वाचा शोध.

परळचे एक शिक्षक बरे होऊन गिरगावातल्या बहिणीकडे आले होते. मला भेटायला आले, तेव्हा जिन्याखालीच थांबवून वरून बोललो. त्यांनी जांभई दिली, तेव्हा जिभेवर जांभळा डाग दिसला. धर्माला विचारलं. तो म्हणाला, दादर-परळच्या बहुतेक मास्तरांची जीभ तशीच असते. लालबागला? तिकडे नाय.

हे लक्षण कुठल्याही पेपरात आलेलं नाही. पाणी प्यायलो.

परिपत्रक ११ : प्रत्येक शिक्षकाने सकाळी आणि संध्याकाळी आरशात जीभ पाहावी आणि ‘जांभळी नाही’ अशी सूचनावहीत सही करावी. परिपत्रक १२ : मुलांच्या जिभा तपासाव्यात. जांभळी आढळल्यास ताबडतोब घरी पाठवावे.

२५ जून, मंगळवार.
काळाचौकीला एकशे नव्वद मुलांच्या जिभा जांभळ्या. गिरगावला दीडशे. इतकं पसरेल असं वाटलं नव्हतं. गिरगावचे शिक्षकही आजारी पडले, ती शाळा बंद केली. दुपारभर बसून होतो.

चारला आमची नेहमीची कोळीण गुणवंती टोपली घेऊन आली. आज मासळी नव्हे, भांडण घेऊन. मुलाला दंडाला धरून वर आणलं. म्हणाली, काय वं सायेब, माझ्या उत्तमला कंचा रोग झाला म्हनून हाकलला? पोरानं जांभलं खाल्ली! जून म्हयन्यात पोरं जांभलं खानार नाय तर काय कलिंगड? त्याला म्हणाली, काढ रे जीभ, दाव सायबाला. उत्तमने पूर्ण काढली. मी दोन पावलं मागे सरलो. गुणवंती सुमतीला म्हणाली, बाय गं, तुझा घोव पोराच्या जिभेला भितो! दोघी हसल्या. शेजारचेही.

फेरविचार. मुलांचं जांभळांमुळे असू शकतं. शिक्षक जांभळं खात नाहीत. निदान शाळेत खाऊ नयेत. परिपत्रक १३ : मुलांकडून जप्त केलेली जांभळं शिक्षकांनी खाऊ नयेत.

धर्मा वही घेऊन आला तेव्हा डोळे लाल. खोकला. त्याला दारातच थांबवलं. फक्त वही आत घेतली. ती बेबीने नेऊन टेबलावर ठेवली.

धर्माला रजा दिली. माणुसकी म्हणून.

२७ जून, गुरुवार. सकाळी ११.
वही घरातच. न्यायला कोणी नाही. परिपत्रक १४ लिहून पडलं आहे. बेबीने चिकटवलं.

बेबी काल दुपारी जेवत नाही म्हणाली, कारण समजलं नाही. आज अंग कोमट. सुमती म्हणाली, गरमीने. मीही तेच म्हटलं. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

दुपारी ३. एकशे दोन.

सायंकाळी ५. एकशे तीन. डॉक्टर तळपद्यांना बोलावलं. फ्लू. छातीत थोडी घरघर. आताच काही सांगता येत नाही म्हणाले. उद्या सकाळी परत येतो.

घरात येण्याचे सगळे रस्ते मी बंद केले होते. दूध उकळलेलं, पेपर उन्हात ठेवलेला, पाहुणे बंद. कुठून आला?

२८ जून, शुक्रवार. सकाळी १०.
पेनातली शाई संपली. दौत भरून आणायला उठवत नाही. खणातल्या डझनाच्या खोक्यातली नवी कॉपिंग पेन्सिल घेतली. हात चालू ठेवला पाहिजे. नाहीतर मागच्या खोलीत जाऊन उभा राहतो आणि सुमती म्हणते, असे उभे राहू नका.

डॉक्टर आले. बेबीला म्हणाले, जीभ काढ बघू. काढली.

जांभळी. मधोमध. डॉक्टरांना सगळं सांगितलं : दादर, परळ, नवं लक्षण, नकाशा. ते ऐकत होते. मग बोळा ओला करून तिच्या जिभेवर फिरवला. बोळा जांभळा झाला. हुंगला. बेबीला विचारलं, काय गं, काय चाटलंस? ती माझ्याकडे बघायला लागली. मग उशीखालून पेन्सिल काढली. सूचनावहीची, दोरा तुटलेली. म्हणाली, बाबांच्या परिपत्रकावर सही केली. कोऱ्या रेघा होत्या ना.

डॉक्टर हसले. मग पेन्सिल उलटसुलट करून पाहिली आणि हसायचे थांबले. विचारलं, मानकर, ही किती जणांच्या तोंडात जाते?

मी म्हटलं, तोंडात नाही, स्पंजाची वाटी आहे.

त्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवली, हात धुतले. पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. छाती भरत चालली आहे म्हणाले.

दुपारी २. वही उघडली. परिपत्रक १४, लालबागच्या खान्यात बारा सह्या. बारा वेळा ‘बेबी मानकर’. नीट, रेघेवर.

दादर, परळ, काळाचौकी, गिरगाव, माझं घर. वही ज्या क्रमाने फिरते तोच क्रम. नकाशा काढून टाकला.

२९ जून, शनिवार.
एकशे चार. श्वास वरवर घेते. इंजेक्शन सकाळ-संध्याकाळ. सुमती माझ्याशी बोलत नाही. रागाने नाही. बोललं तर रडू येईल म्हणून.

वही आणि ती पेन्सिल सुमतीने चुलीत घातली. आठ वर्षांच्या सह्या. मी अडवलं नाही.

३० जून, रविवार. दुपारी १.
अण्णा माझा थोरला भाऊ. आम्ही एका गादीवर झोपत असू. तिसऱ्या दिवशी तो उठून बसला, म्हणाला, मन्या, मला बरं वाटतंय, भूक लागली. आई पेज करायला गेली. पेज झाली तेव्हा तो नव्हता.

आता बेबी उठून बसली. म्हणाली, बाबा, मला बरं वाटतंय, भूक लागली.

मी पळालो. थेट जिना उतरून वाडीच्या तोंडापर्यंत. पायात चप्पल नाही. तिथे उभा राहिलो. पानवाला म्हणाला, काय मानकर, काय झालं? सुमती गॅलरीतून मोठ्याने हाक मारत होती. काय म्हणते ते ऐकू नये म्हणून मी कान धरले. साऱ्या वाडीसमोर.

ती म्हणत होती, घाम आला, ताप उतरला, वर या, वेडे आहात का.

वर गेलो. शंभर. बेबी पेज खात होती.

३ जुलै, बुधवार.
ताप परत आला नाही. छाती मोकळी होते आहे.

कौसल्याबाई आल्या. मेमोचा खुलासा द्यायला. दाराबाहेरच उभ्या राहिल्या, म्हणाल्या, आत नको, लेकरू आजारी आहे. मग म्हणाल्या, साहेब, तुमची वही मी फाटकातल्या खिळ्याला टांगत होते. धर्मा बाहेरून मोठ्याने वाचायचा, आम्ही व्हरांड्यातून ऐकायचो. सत्तेचाळीस माणसांनी चोखलेली पेन्सिल मी माझ्या मास्तरणींच्या तोंडात कशाला घालू?

स्पंज, मी म्हटलं.

बाई म्हणाल्या, तो पन्नास साली उंदरांनी नेला.

शाळा कशी चालवलीत, विचारलं. निम्मी मुलं सकाळी, निम्मी दुपारी. वर्ग गच्चीवर आणि मैदानात. आजारी मुलाच्या घरी थोरल्या भावंडाबरोबर पाटीवर गणितं. बाराच्या बारा शिक्षक हजर. बाकीच्या चार शाळांच्या शिक्षिकाही आता येऊन विचारून जातात म्हणाल्या. हे तुम्ही मला का कळवलं नाहीत? त्या म्हणाल्या, कळवलं होतं की. वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं. तुम्ही फक्त सह्या बघता.

वही जळाली आहे. खरं-खोटं करता येत नाही. खरं असावं.

मेमो मागे घेतला.

४ जुलै, गुरुवार. संध्याकाळी ६.
बेबी गॅलरीत खुर्चीवर बसली. मऊ भात खाल्ला.

धर्मा बरा होऊन आला. त्याला खालीच थांबवलं. या वेळी त्याच्यासाठी. परिपत्रक १५ गॅलरीतून मोठ्याने वाचलं : सूचनावही आणि कॉपिंग पेन्सिल बंद. सर्व शाळा लालबागप्रमाणे चालवाव्यात. आवाज चिरका लागला. वाडीतले सगळे बाहेर आले. गुणवंती टोपलीसकट थांबली, म्हणाली, आता कंची जीभ बघायची, सायेब?

धर्मा म्हणाला, ऐकलं सायेब. पण मी सांगितलं याला पुरावा काय? सही कुठं घेऊ?

उद्या सांगतो म्हटलं.

संकल्प : यापुढे परिपत्रक नाही. सोमवारपासून स्वतः पाचही शाळांत जाणार.

बेबीला म्हटलं, जीभ दाखव. दाखवली. गुलाबी, स्वच्छ. मग ती म्हणाली, बाबा, आता तुम्ही.

मी म्हटलं, माझं काय बघायचंय. ती हटून बसली. दाखवली.

ती हसली नाही. आत गेली, हळूहळू, भिंतीला धरून, आणि आरसा घेऊन आली.

शुक्रवारपासून मी ही रोजनिशी त्याच खोक्यातल्या पेन्सिलीने लिहितो आहे.

दुपारपासून अंग मोडून आलं आहे. उकाड्याने असावं.