नाक्यापलीकडे राहिलेली बंदूक

आप्पा, उद्याच्या दसऱ्यासाठी कोयता घासायला घेतला आणि तुमची बंदूक आठवली. उमरगावच्या वाडीत दर दसऱ्याला तुम्ही ती तेल लावून पाटावर ठेवायचात, नळीला झेंडूची माळ घालायचात आणि आईला म्हणायचात, "हिच्या धाकानं वाडी उभी आहे." आई म्हणायची, "डुकरं हिला नाही, तुमच्या खोकल्याला घाबरतात."

आई गेली, वाडी विकली, आणि तुम्ही आमच्याकडे उमेळ्याला राहायला यायचं ठरलं. अडलं ते बंदुकीपाशी. तिचा परवाना गुजरातचा, तोही त्या वाडीच्या राखणीपुरता. इकडे महाराष्ट्रात आणायची तर इथला परवाना हवा, आणि आमच्या केळीत रानडुक्करच येत नाही म्हटल्यावर तो देणार कोण? तुमच्या जावयांनी कचेरीत विचारून तसंच सांगितलं. तुम्हाला ते पटेना. "मी तोच, बंदूक तीच. मधे एक नाका आला म्हणून मी चोर?" मी म्हटलं, असंच एकाला नाक्यावर धरल्याचं पेपरात वाचलंय. "पुड्यांचे कागद वाचून वकील झालीस," तुम्ही म्हणालात. मी खरंच पुड्यांच्या कागदांवर वाचायला शिकले, म्हणून ते जरा लागलं. मग आवाज उतरवून तुम्ही म्हणालात, "गादीत गुंडाळून आणतो. म्हाताऱ्याची गादी कोण उसवतंय?" ह्यांचा घास हातातच राहिला. "आप्पा, सापडली तर तुम्ही आत आणि माझी सरकारी नोकरी बाहेर." तुम्ही आमटी भुरकत राहिलात, आणि त्या भुरकण्यानंच मी घाबरले. तुम्ही गप्प बसलात की मनातलं करायचात.

पुढे सामान घेऊन आलात तो दिवस अजून समोर आहे. ट्रक दारात उभा आहे, ड्रायव्हरला चहा द्या म्हणून तुम्ही ओरडताय, आणि मी गादीची वळकटी उचलते तर आत काहीतरी लांब, जड, टणक हाताला लागतं. हे कचेरीतून यायच्या आत ती नाहीशी करायची, एवढंच सुचलं. वळकटी तशीच ओढत मागच्या बावखलाच्या पाण्याकाठी नेली. सगळीच पाण्यात ढकलणार होते, पण गादी आईनं स्वतः शिवलेली. ती भिजू नये म्हणून आधी दोर सोडला. आईच्या जुन्या लुगड्यात बांधलेलं तिचं मुसळ निघालं.

तुम्ही पाठीमागे येऊन उभे होतात. "बुडवतेस काय? पोहे कशानं कांडशील?" मी तिथेच चिखलात बसले. हसू येत होतं की रडू, मला कळेना. बंदूक तुम्ही तिकडच्या पोलीस ठाण्यात जमा करून आला होतात. "हवालदारानं कोपऱ्यात उभी केली, छत्रीसारखी," एवढंच बोललात, आणि मुसळ खांद्यावर घेऊन घरात गेलात. त्या रात्री हे दोनदा भात मागून जेवले. दसऱ्याला तुम्ही पाटावर मुसळ ठेवलंत, माळ घातलीत. त्याला कुठल्या राज्याचा परवाना लागत नाही, म्हणालात. तोंड हसरं होतं, पण माळ सारखी करायला तुम्ही फार वेळ घेतलात. ते मी पाहिलं होतं, आप्पा.

आता तुम्ही नाही, हेही गेले. बावखल बुजवून तिथे इमारत झाली. पण ते लुगडं सोडल्यावर आत लाकूड दिसलं, तो क्षण आठवला की आजही छाती मोकळी होते. माझ्या संसाराला पोलिसांचं पाऊल लागलं नाही, ते तुमच्यामुळे.

शेजारणी विचारतात, एकट्या राहता, भीती नाही वाटत? मी नाही म्हणते. हे पत्र कोणाच्या हाती पडायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मुसळ आज धुऊन पाटाशी आणून ठेवलंय, पण एरवी ते स्वयंपाकघरात नसतं. पोहे मी विकतचेच आणते. हे गेल्यापासून मुसळ माझ्या उशाशी असतं.